कढईची खरवड

२ जुलै

छोट्या,

आशीर्वाद नेहमीचेच, पण आज हालहवाल विचारायला पत्र लिहीत नाहीये. ठकीच्या रक्तात शिसं सापडलंय.

मला आधी वाटलं, डॉक्टरीणबाई काहीतरी भलतंच बोलतायत. माझ्या कानांची कथा त्यांना ठाऊक आहे, म्हणून त्यांनी कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून दिलं: शिसं, एकतीस. तीन-चारच्या वर जाऊ नये म्हणे. पाच वर्षांच्या पोरीच्या अंगात शिसं कशाला येईल रे? ते बंदुकीच्या गोळीत असतं, एवढंच मला माहीत.

मागे तुला लिहिलं होतं की माझी नात हल्ली सारखी किरकिर करते, पोट धरून बसते. जंत असतील म्हणून दोनदा औषध दिलं. पण गेल्या महिन्यात बालवाडीच्या बाई स्वतः घरी आल्या. म्हणाल्या, आजी, तुमची ठकी वर्गात सगळ्यांत बडबडी होती, आता ती वस्तूंची नावं विसरते. त्या गेल्यावर मी तिला कात्री दाखवली. ती बघत राहिली, बघत राहिली आणि म्हणाली, "कापायचं." दीड वर्षाची होती तेव्हापासून तिला कात्री म्हणता येतं. मी आत जाऊन रडले आणि तोंड धुऊन बाहेर आले, कारण सून आधीच काळजीने अर्धी झालीये.

डॉक्टरीणबाई म्हणतात, औषध देऊ, पण शिसं कुठून येतंय ते शोधा. नाहीतर एकीकडून उपसायचं आणि दुसरीकडून भरायचं असं होईल. आणि लवकर शोधा, कारण या वयात जे जातं ते सगळं परत येतंच असं नाही.

मला शोधायची काही गरज नाही. बागेच्या भिंतीपलीकडे तो बॅटरीवाला आहे ना, तो जुन्या गाड्यांच्या बॅटऱ्या फोडतो आणि आतल्या पट्ट्या वितळवतो. बॅटरीत शिसंच असतं, हे ह्यांनीही सांगितलं. चाळीस वर्षं रेडिओ दुरुस्त केलेत ह्यांनी, तेवढं कळतं त्यांना. त्या माणसाची काळी धूळ माझ्या प्लमच्या झाडांवर बसते. त्या प्लमचा मी जॅम करते. तो ठकी खाते, आणि बालवाडीची बेचाळीस पोरं रोज सकाळी पावाला लावून खातात. आता सांग, मला झोप कशी लागावी?

तीस वर्षं तू सरकारी प्रयोगशाळेत जगाचं अन्न तपासलंस. आता बहिणीचं तपास. काय पाठवू, कसं पाठवू, लगेच लिही. सुनेला फोनवर सांगू नकोस, ती घाबरते आणि अर्धंच सांगते.

तुझी ताई

---

७ जुलै

ताई,

वाकून नमस्कार. कात्रीचं वाचलं आणि चष्मा काढून बसलो. आमच्याकडे रोज आकडे येतात. पण आकड्याला ठकी हे नाव असलं की तो वाचवत नाही.

नियम असा आहे की अन्न निरीक्षकाने स्वतः येऊन नमुना उचलायचा, सील करायचा आणि मग तो आमच्याकडे पाठवायचा. नातेवाइकाच्या नमुन्याला मी हातही लावायचा नसतो. पण निरीक्षक एक आणि गावं चाळीस. तो येईपर्यंत तुझी प्लम खाली पडून कुजतील. तेव्हा मीच करतो. इथला साहेब मी आहे, मला कोण विचारणार?

सोबत खोका आणि पिशव्या पाठवतोय. आता नीट वाच. फळं दर पाचव्या झाडाची, हाताला येतील ती. धुवायची नाहीत, पदराने पुसायचीसुद्धा नाहीत. आणि मुख्य म्हणजे निवडायची नाहीत. मी तुला ओळखतो. भावाकडे जाणार म्हटल्यावर तू एकेक फळ उन्हात धरून बघशील आणि गालावर टिंब असेल तर बाजूला ठेवशील. तसं केलंस तर माझं मशीन तुझ्या हौसेचा रिपोर्ट देईल, बागेचा नाही. मला डागाळलेली, पाखरांनी टोचलेली, भिंतीजवळची, सगळी हवीत.

शिवाय भिंतीलगतची माती, विहिरीचं पाणी, ठकीच्या खोलीतल्या रंगाचे पोपडे आणि जॅमची एक बाटली.

आणि रिपोर्ट येईपर्यंत बॅटरीवाल्याशी भांडू नकोस. तुझं तोंड एकदा सुटलं की आवरत नाही, हे मी लहानपणापासून भोगलंय.

तुझा छोट्या

---

१४ जुलै

छोट्या,

निवडली नाहीत. डोळे मिटून तोडली. त्यात तीन किडकी आहेत, ती पिशवीत घालताना जीव तुटला. उद्या तुझ्या हाताखालची पोरं म्हणतील, साहेबांच्या बहिणीला फळं पारखता येत नाहीत.

माती, पाणी, पोपडे सगळं चिठ्ठ्या लावून ठेवलंय. जॅमची बाटली मधल्या कप्प्यात आहे, चार दिवसांपूर्वीचा ताजा आहे. साखर बेताची घातलीये, तुझ्या मधुमेहाला सोसेल. मशीनला घालून उरला तर खा, तसाच फेकून देऊ नकोस.

बॅटरीवाल्याशी मी भांडले नाही. चिरंजीव भांडले. कारखान्यातून आला तो तडक भिंतीपलीकडेच गेला. मला ऐकू आलं नाही, पण गच्चीवरून दिसलं. आमचा हातवारे करत होता आणि तो माणूस हात बांधून उभा होता. त्याची मुलगीही ठकीच्याच वर्गात आहे. बाई सांगत होत्या की पालकांनी तिला वेगळ्या बाकावर बसवायला लावलंय. परवा कोणीतरी त्याच्या खिडकीवर दगड मारला. मी मारला नाही, पण खरं सांगते, काच फुटलेली बघून मला बरं वाटलं.

ठकीचं खाणं सुटलंय. वरण नको, अंडं नको, दूध नको. कढईची खरवड तेवढी मागते. माझी मोठी तांब्याची कढई तू पाहिलीयेस, त्यात दोन पोरं मावतील. जॅम उपसून झाला की ठकी चक्क आत उतरून बसते आणि लोखंडी उलथन्याने कडेकडेची खरवड काढून खाते. नातवंडांचा हक्कच आहे तो. तेवढा वेळ ती अगदी पहिल्यासारखी दिसते, म्हणून मीही नको म्हणत नाही.

रिपोर्ट लवकर पाठव.

ताई

---

२५ जुलै

ताई,

आधी चांगली बातमी. फळं स्वच्छ आहेत. किडकीसुद्धा. पाणी स्वच्छ. रंगात काही नाही. आणि तुझा जॅम तर इतका स्वच्छ निघाला की मी मशीन बिघडलं समजून तीनदा लावला. शिसं जवळजवळ शून्य. सोबत सही-शिक्क्याचा रिपोर्ट जोडलाय, "खाण्यास योग्य". बालवाडीत दाखव, पालकांच्या जिवाला शांतता मिळेल.

मातीत मात्र भिंतीलगत शिसं आहे. फार नाही, पण जेवढं असावं त्यापेक्षा जास्त. त्यावरून मला वाटतं, पोरगी त्या कोपऱ्यात खेळत असणार, माती हाताला लागते, हात तोंडात जातात. पाच वर्षांच्या मुलांचं असंच असतं. तेव्हा तिला बागेत सोडू नकोस. दारं-खिडक्या लावून घ्या, फरशी रोज ओल्या फडक्याने पुसा.

आणि तिला उपाशी ठेवू नकोस. रिकाम्या पोटी शिसं जास्त शोषलं जातं. ती जे खाईल ते खाऊ दे. जॅम आवडतो ना, मग जॅम-पाव दे, खरवड दे, दिवसातून चारदा दे. तो तरी तपासलेला आहे.

उरलेली बाटली मी दोन दिवसांत संपवली. साखर कमी होती तरी फर्मास होता. दाजींना नमस्कार सांग.

तुझा छोट्या

---

१९ ऑगस्ट

छोट्या,

महिनाभर पत्र नाही म्हणून रागावला असशील. लिहायला बसायची आणि उठायची.

तू सांगितलंस ते सगळं केलं. रिपोर्टला काच लावून बालवाडीत टांगला. बॅटरीवाल्याचं दुकान नगरपालिकेने बंद केलं. पालकांनी अर्ज दिला होता, त्यावर पहिली सही माझी. ठकीला महिनाभर उंबऱ्याबाहेर काढलं नाही. फरशी पुसून पुसून सुनेच्या हातांची सालं निघाली. आणि परवा पुन्हा रक्त तपासलं तर सेहेचाळीस.

एकतिसाचे सेहेचाळीस झाले, छोट्या. धूळ नाही, माती नाही, बॅटरी नाही, आणि तरी वाढलं. तिचे हात आता कापतात. पेला धरला की दोन्ही हातांनी धरते आणि तरी सांडतो. काल मला तिने हाक मारली, पण आजी म्हणाली नाही, नुसतं "ए" म्हणाली. डॉक्टरीणबाईंनी तिला इस्पितळात ठेवून घ्यायचं म्हटलंय, औषध शिरेतून द्यायचं.

त्यांच्याच सांगण्यावरून बालवाडीच्या आणखी सहा मुलांची रक्तं तपासली. सहाही जणांच्यात शिसं आहे. बॅटरीवाल्याच्या मुलीत सगळ्यांत जास्त, पण तिच्यात असणारच, त्याला काय नवल? बाकीच्या पाचांना कुठून आलं हे कोडं आहे. कोणी म्हणतं हवेतून.

माझंही चित्त थाऱ्यावर नाही. पण हंगाम थांबत नाही, प्लम पिकून पडतायत, रोज दोन घाणे काढते. ह्यांची मदत होते म्हणून निभतंय. एरवी रेडिओचं दुकान विकल्यापासून नुसते खुर्चीत बसून असायचे. पण गेल्या हिवाळ्यात कल्हईवाला म्हातारा वारला आणि कढईचं तांबं उघडं पडलं, तेव्हा हे म्हणाले, कल्हई म्हणजे काय मोठं शास्त्र आहे, मी करतो. दुकानातल्या तारा जोडायच्या डाखाच्या कांड्या पेटीभर उरल्या होत्या, त्याच वितळवून फिरवल्या. काय सांगू तुला, म्हाताऱ्याने कधी केली नव्हती अशी कल्हई झाली. अगदी आरशासारखी. आता दर महिन्याला एक हात मारतात. माणसाला काम असलं की वय उतरतं बघ.

तुला मात्र त्या कढईतला जॅम पाठवला नव्हता हं. विकायचा तो विकायचा, भावाला का कढईतला घाण्याचा माल द्यायचा? तुझा मी वेगळा केला होता, घरच्या स्टीलच्या पातेल्यात, मंद आचेवर, साखर मोजून. तुला तो आवडला हे वाचून त्या सगळ्या गोंधळातही मला बरं वाटलं होतं.

तुझ्या डोक्यात काही येत असेल तर लिही. माझं डोकं चालत नाही.

ताई

---

२२ ऑगस्ट

ताई,

सुनेला फोन करून एवढंच सांगितलंय की कढई चुलीवर चढवायची नाही, एकही बाटली बाहेर जाऊ द्यायची नाही आणि बालवाडीतल्या परत आणायच्या. कारण तुला इथे लिहितो. बसून वाच.

डाख म्हणजे कथील आणि शिसं. जवळजवळ निम्मं शिसं. कल्हईला नुसतं कथील लागतं. आंबट प्लम त्या कल्हईत तास-तासभर उकळतात तेव्हा ते शिसं खेचून घेतात. आणि खरवड म्हणजे तर ती कल्हईच. लोखंडी उलथन्याने काढलेली.

मी फळं निवडू नकोस म्हणून दहा ओळी लिहिल्या. जॅम कुठल्या भांड्यात केलास, हे एका ओळीत विचारलं नाही. निरीक्षक आला असता तर त्याने कढईत चमचा बुडवला असता. मला साहेबगिरी नडली. आणि त्यावर कळस म्हणजे मीच तुला लिहिलं, खरवड दे, चारदा दे. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ते हे.

ज्या बाटल्या बालवाडीत गेल्या त्यांतली एक, आणि कढईच्या तळाचा खरवडलेला चुरा, आजच्या आज पाठव. हातमोजे घाल. दाजींना काय सांगायचं ते तू ठरव.

छोट्या

---

२७ ऑगस्ट

छोट्या,

बाटली आणि चुरा पाठवलाय. चुरा चकचकीत आहे, बघशीलच.

सुनेला तुझ्या फोनवरून जेवढं कळायचं तेवढं कळलं. तिने ठकीचे कपडे पिशवीत भरले, इस्पितळात गेली ती गेलीच. आता ठकीजवळ तीच बसते, मला आत घेत नाही. मी खालच्या बाकावर दोन तास बसून परत येते.

ह्यांना मी सांगितलेलं नाही. कढई का उतरवली म्हणून विचारत होते. म्हटलं, हात दुखतो. तर म्हणाले, तू बस, आज घाणा मी काढतो. ठकीसाठी थोडी खरवड इस्पितळात नेऊ, म्हणाले. छोट्या, तो माणूस त्या पोरीवाचून घास गिळत नाही. त्याला हे कळलं तर तो जगणार नाही, आणि मी हे उगाच म्हणत नाही.

म्हणून तुझ्याकडे एक मागते. आयुष्यात तुझ्याकडे काही मागितलं नाही, आठवून बघ. कढई मी फोडून भंगारात देते. जॅम पुरते. पुन्हा एक थेंब कोणाच्या पोटात जाणार नाही. पोरांना औषध मिळायचं ते मिळतंच आहे, औषध काय, शिसं कुठलं ते विचारत नाही. बॅटरीवाल्याचं दुकान तर बंद झालंच आहे. लोकांनी समजायचं ते समजलंय. तुझा पहिला रिपोर्ट भिंतीवर आहे तसा राहू दे. तूही वाचशील, हेही वाचतील. कोणाचं काय वाईट होतंय?

बॅटरीवाला काही आपला नातेवाईक नाही.

ताई

---

४ सप्टेंबर

ताई,

बाटलीत जेवढं चालतं त्याच्या साठपट शिसं आहे. चुऱ्याचा आकडा मी लिहीत नाही.

तू मागितलंस ते मी देऊ शकत नाही. तुझं पत्र मिळालं त्याच दिवशी मी वरच्या साहेबांना सगळं लिहून दिलं. पहिला रिपोर्ट रद्द केलाय. मला घरी बसवलंय, चौकशी लागेल. निवृत्तीला आठ महिने राहिले होते. ते जाऊ दे, ते माझं मी बघीन.

औषध विचारत नाही हे खरं. पण डॉक्टर विचारतात. त्या पाच पोरांच्या घरी लोक अजून खिडक्या बंद करून बसलेत आणि तुझी जुनी बाटली फडताळात असली तर तीच पोरांना चाटवतायत, भिंतीवर माझी सही आहे म्हणून. बेचाळीस घरांतल्या किती बाटल्या परत आल्या? तू लिहिलं नाहीस.

आणि वाईट कोणाचं होतंय असं विचारतेस! चोर सोडून संन्याशाला फाशी दिलीय आपण. फासाचा दोर मी वळला आणि पहिली गाठ तू मारलीस. आपला तो बाळ्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, हे तू मला शिकवलं नव्हतंस ताई. मी शाळेत त्या मुलाची पाटी फोडली तेव्हा मला कानाला धरून त्याच्या दारात कोणी नेलं होतं? तू दहा वर्षांची होतीस.

मला तुझा राग आलाय आणि तुझी दयाही येते. दोन्ही खरं आहे. दाजींचं काय होईल या विचाराने मलाही झोप नाही. पण त्यांना उद्या दुसऱ्या कोणाकडून कळण्यापेक्षा तुझ्याकडून कळू दे.

सरकारी पत्र बालवाडीत आणि सगळ्या पालकांच्या घरी सोळा तारखेला पोचेल. त्याच्या आत तू दोघांना सांग. दाजींना आणि त्याला. मी येऊ का? बोलावलंस तर पुढच्या गाडीने निघतो.

छोट्या

---

१५ सप्टेंबर

छोट्या,

तू येऊ नकोस. सांगितलं.

चार दिवस शब्द जुळवत होते. शेवटी तुझी पत्रंच ह्यांच्या हातात दिली. चष्मा लावून वाचली, मग घडी घालून पाकिटात ठेवली, तुझं अक्षर चांगलं आहे म्हणाले. मग म्हणाले, "साठ-चाळीसचा होता. साठ कथील, चाळीस शिसं. कांडीवर छापलेलं असतं." त्यांना माहीत होतं, छोट्या. माहीत होतं आणि सुचलं नव्हतं. एकदा एवढंच म्हणाले की चाळीस वर्षं तोच डाख दातांत धरून काम केलं, मला काय झालं? ते पुन्हा म्हणाले नाहीत. परसात जाऊन कढई उपडी करून ठेवली आणि तिच्याशेजारी बसून राहिले. मी जेवायला बोलावलं नाही. मला हिंमत झाली नाही.

मी भ्याले होते तसं काही त्यांनी केलं नाही. सकाळी दाढी केली, इस्त्रीचा सदरा घातला आणि म्हणाले, आधी मुलाला आणि सुनेला, मग भिंतीपलीकडे.

मुलगा उठून गेला. सूनच बोलली. म्हणाली, बाबा, तिला भेटायचं असेल तर भेटा, पण खायला काही आणू नका. ह्यांनी "बरं" म्हटलं. ठकीचं आता बावीसवर आलंय. हाताचा कंप कमी झाला. बोलणं किती परत येईल ते डॉक्टरीणबाई सांगत नाहीत. मी दर वेळी कागद-पेन पुढे करते, त्या कागद माझ्याकडेच सरकवतात.

बाटल्यांचं विचारलं होतंस. मी आणि बाई मिळून घरोघर गेलो. बेचाळिसातली एकोणचाळीस घरं झाली. एका घरी पोराच्या हातात पाव होता. त्याच्या आईने तो हातातून काढून घेतला आणि माझ्याकडे जे बघितलं, ते तुला लिहून सांगता येणार नाही.

बॅटरीवाल्याकडे काल संध्याकाळी गेलो. खिडकीला अजून पुठ्ठाच आहे. दार त्याच्या बायकोने उघडलं. आम्हाला बघून तिने ते अर्धंच धरलं. तो घरात नव्हता. मागच्या आवारात पत्र्याचं छप्पर आहे, तिथे राहतो म्हणाली, ऑगस्टपासून. मुलीच्या रक्तात शिसं निघालं त्या दिवशी त्याने कामाचे सगळे कपडे जाळले, अंग घासून घासून सोललं आणि बाहेर झोपायला गेला. तिथेच जेवतो. मुलगी दारात उभी राहून हाका मारते, तो लांबूनच उत्तर देतो. महिनाभरात त्याने तिला एकदाही हात लावलेला नाही. आपल्या अंगातूनच तिला विष गेलं, असं त्याने धरलंय.

आम्ही मागे छपराशी गेलो आणि मी त्याला सगळं सांगितलं. कढई, डाख, खरवड, अर्जावरची पहिली सही, दगड पडला तेव्हा मला बरं वाटलं तेही. हे मध्ये बोलणार होते, मी बोलू दिलं नाही. मला वाटत होतं की त्याने ओरडावं, अंगावर धावून यावं. तो ऐकत राहिला. मग त्याचे ओठ हलले. मला ऐकू आलं नाही. मी ह्यांच्याकडे बघितलं तर ह्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. ते माझ्या कानाशी वाकले आणि त्याचं वाक्य मोठ्याने म्हणाले, "तो विचारतोय, म्हणजे मी तिला जवळ घेऊ शकतो का?"

मी हो म्हटलं. मान इतकी हलवली की दुखली.

त्याने नळावर हात धुतले, कोपरापर्यंत, पुन्हा पुन्हा, बायकोने नळ बंद केला तेव्हा थांबला. मग तो उंबऱ्याशी गुडघ्यांवर बसला आणि मुलीला ये म्हणाला. ती आली नाही. आईचा हात घट्ट धरून तिच्या मागे गेली. इतके दिवस तिला सगळ्यांनी हेच शिकवलं होतं, बाबाला शिवायचं नाही.

आम्ही निघालो तेव्हा तो तसाच बसला होता, हात पुढे करून.

ताई